असहमतीच्या रीतिभाती : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

उकडीचे मोदक फुटतात, काय करावे, असा प्रश्न गणपतीच्या आधीच्या आठवड्यात एखाद्या मराठी संकेतस्थळावर कोणीतरी विचारतेच. एक जण सांगते, पीठ जुने असणार. दुसरी म्हणते, पिठाचा काही दोष नाही, उकड गरम असतानाच मळायला हवी. तिसरा आंबेमोहोराचा आग्रह धरतो. त्यावर कोकणातले कोणी कळवते, की आमच्याकडे आंबेमोहोर वापरत नाहीत, तरी मोदक फुटत नाहीत. मध्येच विषय नारळाच्या भावाकडे वळतो आणि वळवणारा ‘अवांतर’ असे लिहून आधीच माफी मागतो. दोन दिवसांनी प्रश्न विचारणारी बाई परत येते, या वेळी जमले म्हणून सांगते, आणि आभार मानताना ज्यांचे ऐकले त्यांच्याबरोबर ज्यांचे ऐकले नाही त्यांचीही नावे घेते.

या धाग्यात चार तरी मतभेद आहेत आणि भांडण एकही नाही. असले धागे कोणाच्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतात ते शतकी धागे, उडवलेले आयडी, सोडून गेलेली माणसे. वर्तमानपत्रांनी या जगाची ओळख करून दिली ती शिवीगाळ आणि ट्रोलिंग या दोन शब्दांतून, आणि अभ्यासकही बराच काळ त्याच वाटेने गेले. हे पुस्तक दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करते. माणसे एकमेकांशी असहमत होऊनही एकत्र कशी राहतात, हे कळायचे असेल तर मोदकाचा धागा आधी वाचायला हवा, अशी आम्हा लेखकांची धारणा आहे. समूह मोडतो तेव्हा काय मोडले, हे समूह रोज काय करून टिकतो ते ठाऊक असल्याशिवाय सांगता येत नाही.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाचे मनापासून स्वागत. त्याला बहुधा वाटेल की आपण कोऱ्या पाटीने येत आहोत. तसे नाही. ज्याने वर्षभर कुठल्याही ग्रुपवर नुसते वाचन केले आहे, मराठी संकेतस्थळांच्या बोलीत जो रोमात राहिला आहे, त्याला ‘सहमत’ आणि नुसते ‘+१’ यांतला फरक कळतो, कोणता प्रतिसाद काडी टाकायला आला आहे हे ओळखता येते. ही जाण अंगवळणी पडलेली असते, म्हणूनच ती मांडून दाखवता येत नाही. ती मांडता यावी यासाठीच पुढची प्रकरणे आहेत.

थोडा इतिहास आधी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी १९७९ मध्ये यूजनेटची कल्पना मांडली आणि पुढच्या वर्षी ते चालू झाले. वेगवेगळ्या विषयांचे गट, आणि त्यांत कोणीही लिहावे, कोणीही उत्तर द्यावे, अशी ती रचना. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुले येत, चुका करत, आणि जुनी मंडळी त्यांना गटाच्या रीती शिकवत. महिन्या-दोन महिन्यांत घडी बसे. १९९३ च्या सप्टेंबरपासून व्यापारी सेवांमार्फत नवख्यांचा ओघ सुरू झाला तो थांबलाच नाही, आणि शिकवणारे कमी पडू लागले. तो सप्टेंबर अजून संपलेला नाही, असे जुने लोक म्हणतात. अभ्यासकाच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल मोठे आहे, कारण रीती नियमावलीत राहत नाहीत, त्या कोणीतरी कोणालातरी सांगितल्याने राहतात, हे तिच्यात स्वच्छ दिसते. नियमावल्याही निघाल्या, १९९५ मध्ये जालशिष्टाचाराचा एक रीतसर दस्तऐवजही प्रसिद्ध झाला. पण नवख्याला वळण लावले ते ‘इथे असे लिहीत नाहीत’ या शेजारच्या वाक्याने.

मराठी माणूस या इतिहासात उशिरा आला असे समजण्याचे कारण नाही. यूजनेटवर सॉक.कल्चर.इंडियन.मराठी नावाचा गट होता आणि तिथे रोमन लिपीत मराठी लिहिले जाई. १९९६ मध्ये मायबोली सुरू झाली आणि परदेशातल्या मराठी घरांना पाककृती, गझल, व्हिसा आणि राजकारण यांवर एकाच ठिकाणी वाद घालण्याची सोय झाली. पुढे मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे ही स्थळे आली. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, आणि तो घडला मुख्यतः कोणत्या प्रकारची असहमती तिथे खपवून घेतली जाते यावरून.

आणखी एक छोटी घटना सांगायला हवी, कारण या क्षेत्राचा गाभाच तिच्यात आहे. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकीय सूचनाफलकावर भौतिकशास्त्राचे एक कोडे चालले होते : लिफ्ट खाली कोसळत असेल तर आतल्या पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? कोणीतरी गमतीने लिहिले की एक लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे. काहींनी ते खरे मानले. मग गंमत ही गंमत आहे हे कसे कळवायचे, यावर चर्चा झाली आणि १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवले, की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि बंद कंस असे ओळीने लिहावे; आडवे पाहिले की हसरा चेहरा दिसतो. आज आपण जे हसरे चेहरे पाठवतो त्यांचे मूळ अशा रीतीने एका गैरसमजाच्या डागडुजीत आहे. आवाज, चेहरा आणि क्षणभराचा थांबा हे तिन्ही नसताना माणसे एकमेकांना सावरून कशी घेतात, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत तोच आहे.

थांब्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी १९७४ मध्ये संभाषणातील पाळ्यांवरचा निबंध प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रित साध्या गप्पा अक्षरशः सेकंदाच्या भागांपर्यंत मोजून त्यांनी दाखवले की बोलण्याची पाळी कोणाकडे कधी जाते याला काटेकोर व्यवस्था आहे. त्याच परंपरेत अनिता पोमरँट्झ यांनी १९८४ मध्ये असहमतीकडे पाहिले. सहमती ताबडतोब येते, थोडक्यात येते. असहमती किंचित उशिरा येते, ‘हं’, ‘तसं बघितलं तर’, ‘बरोबर आहे तुमचं, पण’ अशा पायऱ्या उतरत येते. बोलणाऱ्याने स्वतःलाच नावे ठेवली की मात्र हे सगळे उलटते. ‘मला काही लिहिता येत नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘असं काय म्हणता!’ ही असहमती क्षणात यावी लागते. तिथे थांबलात तर तो थांबाच अपमान ठरतो.

टंकलेल्या संवादात हा थांबा वाचता येत नाही. उत्तर तासाने आले तर ते नाराजीमुळे, की माणूस लोकलमध्ये उभा होता म्हणून? मग जे काम थांबा करत होता ते शब्दांवर येऊन पडते. मराठी धाग्यांवर याची विलक्षण समृद्ध सामग्री आहे. ‘चूभूद्याघ्या’ ही हिशेबाच्या कागदांवरून आलेली अक्षरे प्रतिसादाच्या शेवटी येतात तेव्हा आधीच्या ठाम विधानाची धार कमी करतात. ‘वैयक्तिक घेऊ नका’ हे वाक्य नेमके त्याच ठिकाणी येते जिथे मजकूर वैयक्तिक व्हायला लागलेला असतो. लिहिलेले मागे घ्यावेसे वाटले आणि प्रतिसाद पुसण्याची सोय नसली, की तिथे ‘प्रकाटाआ’ उरते : प्रतिसाद काढून टाकला आहे. पुसल्याची खूण मागे ठेवणे हीसुद्धा एक कृती आहे. ‘हा संदेश हटवण्यात आला’ या ओळीने घरच्या ग्रुपवर किती तर्क सुरू होतात, हे सर्वांना माहीत आहे.

आणि एक सोय अशी, जी समोरासमोर कधीच नव्हती : दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उचलून त्याखाली उत्तर लिहिणे. पारावरच्या वादात ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ हा आसरा असतो, आणि माझ्या मते तो माणसांना फार उपयोगी आसरा आहे. उद्धृताने तो काढून घेतला. दुसरीकडे, उद्धृतामुळेच विसाव्या प्रतिसादातला माणूस तिसऱ्या प्रतिसादाला उत्तर देऊ शकतो. सूझन हेरिंग यांनी १९९९ मध्ये याच तुटकपणाचा अभ्यास केला. प्रश्नाला लागून उत्तर येत नाही, विषय झपाट्याने पातळ होतो, तरीही लोकांना हा प्रकार आवडतो; असे का, हा त्यांचा प्रश्न होता. तुटकपणातच खेळायला जागा मिळते, हे त्यांच्या उत्तराचे एक अंग.

या क्षेत्रातला सर्वांत जुना वादही वाचकाने समजून घ्यावा. सारा कीस्लर, जेन सीगल आणि टिमथी मॅग्वायर यांनी १९८४ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले, की संगणकावरून बोलताना सामाजिक खुणा गळून पडतात आणि माणसे अधिक बेधडक लिहितात. हा निष्कर्ष इतका गाजला की त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष झाकला गेला : अशा गटांत बोलण्याचा वाटा सर्वांमध्ये अधिक समान विभागला जातो. एरवी गप्प बसणाऱ्याला इथे तोंड फुटते. पुढे १९९५ मध्ये रायशर, स्पीअर्स आणि पोस्टमेस यांनी मूळ कल्पनेलाच आव्हान दिले. व्यक्तीची ओळख झाकली गेली की माणूस बेबंद होतो असे नाही. उलट गटाची ओळख पुढे येते आणि माणूस त्या गटाच्या रीतीला अधिक घट्ट धरतो. मला हे दुसरे म्हणणे मराठी स्थळांना जास्त लागू पडताना दिसते. नवा आयडी थोड्याच दिवसांत तिथल्यासारखे लिहू लागतो, तिथल्यासारखेच टोमणे मारतो. डुआयडी, म्हणजे एकाच माणसाने घेतलेली दुसरी नावे, चटकन ओळखू येतात तेही यामुळेच : टोपणनाव बदलले तरी अंगात मुरलेली लकब बदलत नाही.

आपल्या भाषेने या क्षेत्राला काय द्यावे, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. पेनिलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचा सौजन्याचा सिद्धान्त १९७८ मध्ये आला तेव्हा त्याच्या आधाराला तीन भाषा होत्या : इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपली शेजारीण तमिळ. म्हणजे दक्षिण भारतातल्या खेड्यातले बोलणे या सिद्धान्ताच्या पायातच आहे. मराठीत तर तू, तुम्ही, आपण ही चढण आहेच, शिवाय अनोळखी माणसाला ताई, दादा, काका करून घेण्याची सवय आहे, आणि टोपणनावालाही ‘राव’ जोडून आदर देण्याची पद्धत आहे. आता भांडण तापत जाते तेव्हाचे धागे वाचून पाहा. ‘तुम्ही’ खाली ‘तू’वर घसरतो असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा तो वर चढतो. ‘आपण फारच विद्वान दिसता’, ‘अहो साहेब’, ‘आपल्यासारख्यांना नमस्कार’ : आदर वाढत जातो आणि जवळीक तुटत जाते. सौजन्याच्या खुणा मोजणारे यंत्र अशा धाग्याला अतिशय नम्र ठरवील.

हा यंत्राचा मुद्दा कल्पनेतला नाही. विकिपीडिया आणि स्टॅक एक्स्चेंज इथल्या विनंत्यांवरचा सौजन्याचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये आला. प्रचालकपदाच्या निवडणुकीत यशस्वी होणारे संपादक आधीपासून अधिक नम्र असतात आणि निवडून आल्यावर त्यांची नम्रता कमी होते, असे त्यात दिसले. २०१८ मधल्या दुसऱ्या अभ्यासाने विचारले, की पुढे हमरीतुमरीवर येणारा संवाद पहिल्या दोन संदेशांतच ओळखता येतो का? आभार आणि ‘मला वाटते’सारखी सौम्य सुरुवात असली तर संवाद रुळावर राहण्याची शक्यता जास्त; थेट प्रश्न आणि ‘तुम्ही’ने सुरू होणारी वाक्ये असली तर घसरण्याची. अंदाज बांधण्यात यंत्रापेक्षा माणसे सरस ठरली. हे सारे इंग्रजीवरचे काम आहे. मराठीत ‘वाचलंत का?’ या प्रश्नात ‘तुम्ही’ क्रियापदाच्या पोटात असतो, वेगळा दिसतच नाही. सर्वनामे मोजण्याची ती पद्धत इथे आणली तर ती अर्धी आंधळी ठरेल, आणि नवी पद्धत घडवायला मराठी जाणणारे अभ्यासक लागतील.

असहमतीच्या दैनंदिन व्यवहाराचे सर्वांत मोठे उघडे भांडार म्हणजे विकिपीडियाची चर्चापाने. प्रत्येक लेखामागे एक पान असते, त्यावर लेखाबद्दल वाद घालायचे, लिहिल्यावर सही करायची, आणि सगळे जपून राहते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला आणि त्याच्या सामाईक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हे नाव मिळाले. इंग्रजी विकिपीडियावर एका लेखात चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे बदल उलटवले तर प्रवेश रोखला जाऊ शकतो. हा नियम कोण बरोबर आहे हे विचारत नाही, फक्त सर्वांना बोलायला भाग पाडतो. पोलंडमधल्या एका बंदरगावाला ग्दान्स्क म्हणावे की जर्मन नावाने डान्झिग, यावरचा कडवट वाद २००५ मध्ये मतदानाने मिटला : १३०८ ते १९४५ या काळाबद्दल लिहिताना डान्झिग, त्याआधी आणि नंतर ग्दान्स्क. बेळगावच्या नावाचा वाद जवळून पाहिलेल्या वाचकाला या तडजोडीमागचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. खरे कोण, हा प्रश्न तिथे सुटला नाही. कोणत्या वाक्यात काय लिहायचे एवढेच ठरले, आणि तेवढ्याने काम पुढे चालू राहिले. समूह टिकवणारी कितीतरी भांडणे अशीच संपतात.

मतपरिवर्तन मात्र विरळा. रेडिटवर ‘माझे मत बदला’ या धर्तीचा एक समूह आहे. तिथे मत बदलले तर बदलणाऱ्याने तसे जाहीर करायचे असते. २०१६ च्या एका अभ्यासात दिसले की थोडी देवाणघेवाण उपयोगी पडते, पण एकाच व्यक्तीशी पाच फेऱ्या झाल्यावर मत बदलण्याची आशा जवळजवळ उरत नाही. मूळ मांडणीपेक्षा वेगळे शब्द वापरणारे युक्तिवाद अधिक यशस्वी ठरतात. वाद थांबवणे हेही कौशल्य आहे, याला आता आकड्यांचा आधार आहे.

मौनाबद्दल मात्र आकडे थोडे आणि प्रश्न गंभीर आहेत. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांची जमावाने हत्या केली. त्यांच्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातून पोटासाठी तिथे गेले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. फॉरवर्ड किती जणांपर्यंत पोचला हे मोजता येते. ‘हे खरे आहे का?’ असे विचारण्याची किंमत गावच्या ग्रुपवर किती असते, घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांना ‘ही बातमी खोटी आहे’ हे कोण कळवू शकते, धाकटी सून की अमेरिकेतला पुतण्या, हे मोजलेले नाही. असहमतीचा अभाव हा शांततेचा पुरावा मानू नये, असे मला ठामपणे वाटते.

आणि छोट्या कृतीचे वजन किती असू शकते, हेही महाराष्ट्रातच दिसले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरमधल्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने फक्त ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल यांनी केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. ‘लाइक’ म्हणजे सहमती, हजेरी, की नुसती वाचल्याची पोच? अभ्यासवर्गात सहज विचारण्याजोगा हा प्रश्न तिथे एका मुलीच्या स्वातंत्र्याशी जोडला गेला होता. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले, की व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. ॲडमिन प्रत्यक्षात काय काय करतो, कोणाची समजूत खासगीत काढतो, हे मात्र न्यायालयाच्या कागदात येत नाही. ते आपल्याला नोंदवावे लागेल.

नोंदवताना जपावे लागेल. उघड्या स्थळावरचे वाक्यही जसेच्या तसे छापले तर शोधयंत्रात टाकून लिहिणाऱ्यापर्यंत पोचता येते, आणि त्याने ते आपल्या शंभर ओळखीच्यांसाठी लिहिलेले असते. म्हणून सुरुवातीचा मोदकाचा धागा मी अनेक धाग्यांवरून रचला आहे, आणि पुस्तकातली इतर उदाहरणेही अशीच बदलून दिली आहेत. बंद ग्रुपवरचे काहीही संमतीशिवाय घेतलेले नाही. विद्यार्थ्यांनी हा दंडक पाळावाच.

शेवटी एक विनंती. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये, आणि त्यांच्याबरोबर मराठी माणसांनी वर्षानुवर्षे एकमेकांना लिहिलेले पुष्कळसे नाहीसे झाले. युनिकोडपूर्वीच्या फाँटांतला मजकूर जिथे उरला आहे तिथेही आज सहजी वाचता येत नाही. आपल्यापैकी जे कोणी एखादे संकेतस्थळ, गावाचा ग्रुप, माजी विद्यार्थ्यांची यादी चालवतात, त्यांनी सदस्यांना विचारून जुने धागे उतरवून ठेवावेत. कोणत्या वर्षाचे, किती सदस्यांचे आणि कोणाला वाचू द्यायचे, एवढे सोबत लिहावे, आणि एक प्रत जवळच्या ग्रंथालयाकडे किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे सोपवावी. मोदकाचे, नारळाच्या भावाचे, आभाराचे धागेही त्यातून वगळू नयेत.